पोच, परत आणि प्रतीक्षा : लघुअनियतकालिके व साहित्य पाठविण्याचा व्यवहार

साठोत्तरी मराठी साहित्याच्या विवेचनात लघुअनियतकालिकांच्या चळवळीचा विचार बहुधा दोन अंगांनी केला जातो. प्रस्थापित वाङ्मयीन अभिरुचीविरुद्धचे बंड हे त्यांतील एक अंग आणि भाषा व आशय यांच्या पातळीवर झालेली मुक्तता हे दुसरे. या दोन्ही अंगांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या तुलनेत एका साध्या प्रश्नाकडे समीक्षकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. लेखक आपले लेखन नियतकालिकाकडे कसे पोहोचवितो, ते प्रथम कोण वाचतो, आणि लेखकाला त्याचे काय उत्तर मिळते, हा तो प्रश्न. वरवर पाहता ही कारकुनी बाब आहे. टपालाचे तिकीट, पाकीट, पोच आणि परत आलेले हस्तलिखित एवढाच तिचा पसारा. तथापि कोणाला लेखक होता येते आणि कोणाला येत नाही, याचा निर्णय पुष्कळदा याच ठिकाणी होत असतो. लघुअनियतकालिकांनी साहित्य ‘पाठविण्या’च्या रीतीऐवजी ते ‘देण्या’ची रीत रूढ केली. या बदलामुळे जे लेखक मोकळे झाले त्यांची नावे वाङ्मयेतिहासाला ठाऊक आहेत. ज्यांची वाट त्याच बदलामुळे अरुंद झाली, त्यांचा विचार मात्र राहून गेला आहे. तो येथे करावयाचा आहे.

१

अपरिचित संपादकाकडे टपालाने कविता पाठविण्याची प्रथा मराठीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत स्थिर झाली. जळगावहून नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये सुरू केलेले ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक १९३५ पर्यंत चालले. हरि नारायण आपटे यांचे ‘करमणूक’ (१८९०) आणि काशीनाथ रघुनाथ मित्र यांचे ‘मासिक मनोरंजन’ (१८९५) यांनी कथा-कादंबरीच्या वाचकाबरोबरच होतकरू लेखकही घडविला. केशवसुतांची कविता त्यांच्या हयातीत वाचकांपुढे आली ती अशा मासिकांतूनच. त्यांचा संग्रह आपटे यांनी प्रसिद्ध केला तो १९१७ मध्ये, म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी. ग्रंथ दुर्मीळ व खर्चिक असलेल्या काळात मासिक हेच कवीचे पहिले, आणि अनेकदा एकमेव, प्रकाशन होते.

या व्यवहाराची एक आचारसंहिता हळूहळू तयार झाली. लेखन कागदाच्या एकाच बाजूस, सुवाच्य अक्षरात, पुरेसा समास सोडून लिहिलेले असावे. ते अन्यत्र प्रसिद्ध झालेले किंवा विचारार्थ पाठविलेले नसावे. परतीसाठी स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेले पाकीट सोबत जोडावे. लेखकाने स्थळप्रत आपल्याजवळ ठेवावी. पिढ्यान्पिढ्या मासिकांच्या पानांवर छापल्या गेलेल्या या सूचनांमागे छापखान्याची गरज होती. खिळे जुळविणारा जुळारी हस्तलिखिताचा कागद समोर लावून काम करी. एकाच लेखाची पाने दोघांतिघांत वाटून दिली जात. मागील बाजूसही मजकूर असेल तर ही वाटणी अशक्य होई. समास हवा तो संपादकाच्या दुरुस्त्यांसाठी. ‘अन्यत्र पाठविलेले नसावे’ ही अट संपादकाच्या वाचनाचे श्रम वाया जाऊ नयेत म्हणून होती. मात्र तिचा सगळा भार लेखकावर पडे. एका संपादकाचे उत्तर येईपर्यंत त्याची कविता अडकून राही.

या व्यवस्थेची एक मोठी देणगी होती. तिला ओळखीची गरज नव्हती. तिकिटाचे पैसे ज्याच्याजवळ आहेत आणि ज्याला लिहिता येते, असा कोणीही संपादकाच्या मेजापर्यंत पोहोचू शके. तिची मर्यादाही याच वाक्यात आहे. ‘काव्यरत्नावली’ जळगावातून निघत होते त्याच दशकांत त्याच गावात बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) जात्यावर आणि शेतात आपली गाणी रचीत होत्या. केवळ कवितेचे असे मासिक हाकेच्या अंतरावर असूनही या गाण्यांचा आणि त्या मासिकाचा संबंध आला नाही, कारण बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. घरातल्या माणसांनी ती टिपून ठेवली आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ मध्ये ती ग्रंथरूपाने आली. टपालाच्या व्यवस्थेचा दरवाजा सर्वांना खुला होता असे म्हणताना तो लिहिणाऱ्यांपुरताच खुला होता, हे विसरून चालणार नाही.

२

टपालाने आलेल्या लेखनाचे वाचन हेच ज्याचे प्रमुख संपादकीय कार्य होते असे मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे ‘सत्यकथा’. १९३३ मध्ये सुरू झालेले हे मासिक मुंबईत गिरगावातील खटाववाडीतून, ‘मौज’च्या छापखान्यातून निघत असे. श्री. पु. भागवत आणि पुढे राम पटवर्धन यांच्या संपादनकाळात नवकथा व नवकविता यांचे ते प्रमुख व्यासपीठ बनले. १९८२ मध्ये ते बंद झाले.

‘सत्यकथे’च्या संदर्भात ‘साभार परत’ हा शब्दप्रयोग जवळजवळ म्हणीसारखा झाला आहे. पण या मासिकाचे वैशिष्ट्य नुसत्या नकारात नव्हते. छापील चिठ्ठी जोडून परत पाठविणारी मासिके पुष्कळ होती. नकाराबरोबर वा सशर्त स्वीकाराबरोबर जाणारे संपादकाचे पत्र हे ‘सत्यकथे’चे खरे वैशिष्ट्य. कथेचा शेवट आधी का संपतो, कवितेतील दुसरे कडवे का अनावश्यक वाटते, एखादी प्रतिमा कोठे उसनी भासते, याची चर्चा अशा पत्रांतून होत असे आणि लेखकाने पुनर्लेखन करून तेच साहित्य पुन्हा पाठवावे, अशी अपेक्षाही असे. अनेक लेखकांनी आपल्या आठवणींत या पत्रव्यवहाराचा उल्लेख केला आहे. काहींनी तो कृतज्ञतेने केला, काहींनी कडवटपणे. ज्या लेखकाच्या गावात साहित्याविषयी दोन शब्द बोलू शकेल असे कोणी नव्हते, त्याच्या दृष्टीने असे पत्र म्हणजे त्याच्या लेखनाचे पहिले गंभीर वाचन होते. विद्यापीठांत लेखनाचे शिक्षण देण्याची सोय नसलेल्या काळात ही पत्रेच ते काम करीत होती, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

या संदर्भात चिं. त्र्यं. खानोलकर यांचे उदाहरण बोलके आहे. १९५४ मध्ये ‘आरती प्रभू’ या नावाने त्यांची ‘शून्य शृंगारते’ ही कविता ‘सत्यकथे’त आली तेव्हा ते कोकणात कुडाळला खाणावळ चालवीत होते. मुंबईच्या वाङ्मयीन वर्तुळापासून ते दूर होते. ते मुंबईस आले त्यानंतर काही वर्षांनी. कुडाळचा एक खाणावळवाला आणि खटाववाडीतले संपादक यांच्यामध्ये कविता लिहिलेला कागद आणि टपालखाते यांखेरीज दुसरे काही नव्हते. इंदिरा संत यांची कविताही बेळगावहून अशीच येत राहिली. कमल देसाई यांच्यासारख्या, रूढ घाटाची कथा न लिहिणाऱ्या लेखिकेलाही येथेच स्थान मिळाले. ‘सत्यकथे’वर अभिजनवादाचा आरोप करताना भूगोलाची ही बाजू ध्यानात घ्यावी लागते.

अर्थात आरोप निराधार होता असे नाही. जो संपादक पुनर्लेखन सुचवितो तो आपला घाट सुचवितो. ‘सत्यकथे’ला प्रिय असलेली सेंद्रिय एकात्मता, संयत शैली आणि अनुभवाची शुद्धता ही मूल्ये पत्रापत्रांतून लेखकांपर्यंत पोहोचली आणि काही काळाने लेखक ती आधीच गृहीत धरून लिहू लागले. नकाराच्या भीतीने केलेले हे पूर्वसंपादन कोणत्याही पत्रात दिसत नाही, म्हणून ते सिद्ध करणे कठीण आहे. तरी त्या काळातील सामान्य प्रतीच्या कथा सलग वाचल्या असता त्यांच्यातील एकसुरीपणा जाणवल्यावाचून राहत नाही. शिवाय प्रमाणलेखनाचा प्रश्न होता. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. छापखान्याच्या दृष्टीने हे सोयीचे झाले. परंतु ज्याची घरची बोली प्रमाणभाषेहून दूर आहे, त्याचे हस्तलिखित पहिल्या नजरेतच ‘अशुद्ध’ ठरण्याची शक्यता त्यामुळे वाढली.

३

या पार्श्वभूमीवर लघुअनियतकालिकांचा उदय पाहावयास हवा. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आदींनी १९५४ मध्ये सुरू केलेले ‘शब्द’ हे चक्रमुद्रित पत्र १९६० पर्यंत निघत राहिले. अशोक शहाणे यांचे ‘असो’ १९६३ च्या सुमाराचे. त्याच वर्षी त्यांचा ‘मनोहर’मधील ‘आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण’ हा लेख गाजला आणि भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ प्रसिद्ध झाली. पुढील काही वर्षांत ‘वाचा’, ‘येरू’, ‘भारूड’, ‘फक्त’, ‘आत्ता’, ‘टिंब’ अशी नावे एकामागून एक आली. राजा ढाले यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ हा लेख ‘येरू’मध्ये लिहिला आणि १९६९ मध्ये ‘सत्यकथे’च्या अंकाची जाहीर होळी झाली.

‘लघुअनियतकालिक’ हा शब्द थोडा थांबून पाहण्याजोगा आहे. इंग्रजीतील मूळ संज्ञेत फक्त लहानपणाचा निर्देश आहे. हिंदीने ‘लघु पत्रिका’ असे भाषांतर केले. बंगालीत इंग्रजी शब्दच रूढ राहिला. मराठीने मात्र ‘अनियत’ हे विशेषण आपल्या पदरचे जोडले. याचा अर्थ पुष्कळदा कलंदरपणाकडे बोट दाखवून लावला जातो. त्यामागे व्यवहारही होता. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्यानुसार नियतकालिकाच्या मुद्रक-प्रकाशकांना दंडाधिकाऱ्यापुढे घोषणापत्र करावे लागे आणि त्यात प्रकाशनाचा कालावधी सांगावा लागे. (हा कायदा आता इतिहासजमा झाला आहे, त्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली.) १८९८ च्या टपाल कायद्यातील सवलतीचा दर हवा असेल तर दोन अंकांमधील अंतर ३१ दिवसांहून अधिक असून चालत नसे, आणि वर्गणीदारांची खरीखुरी यादी असावी लागे. नोकरी सांभाळून, खिशातील पैसे घालून, जमेल तेव्हा अंक काढणाऱ्या तरुणांना यांतील काहीच शक्य नव्हते. ‘अनियत’ राहणे हा स्वभाव होता तशी ती सोयही होती. सवलतीचे टपाल नाही म्हणजे अंक दूरवर पाठविणे महाग. आणि वर्गणीदारांची यादी नाही म्हणजे अंक कोणाला द्यायचा, हे ओळखीवर ठरणार. मित्रांना अंक हातोहात पोहोचविण्याच्या प्रथेचे मूळ बंडखोरीइतकेच येथेही आहे.

अंक हातोहात जातो तेथे साहित्यही हातोहात येते. लघुअनियतकालिकांत ‘साहित्य पाठविणे’ ही क्रिया जवळजवळ नाहीशी झाली. इराण्याच्या हॉटेलात, छापखान्याच्या कट्ट्यावर, कोणाच्या तरी खोलीवर कविता वाचली जाई, तिच्यावर तेथेच चर्चा होई आणि ती अंकात जाई. संपादक हा बहुधा कवींपैकीच एक असे; एका अंकाचा संपादक पुढल्या अंकाचा केवळ लेखक असे. ‘साभार परत’ची चिठ्ठी नाही, परतीचे पाकीट नाही, महिनोन्‌महिने चालणारी प्रतीक्षा नाही. चक्रमुद्रणात जुळाऱ्याचीही गरज उरली नाही. स्टेन्सिलवर स्वतः लिहावे आणि स्वतःच प्रती काढाव्यात. हस्तलिखितापासून छापील पानापर्यंतच्या वाटेवर पूर्वी तीन-चार अपरिचित माणसे उभी असत. ती सगळी एकदम बाजूला झाली.

यामुळे जे शक्य झाले त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. मनोहर ओक, तुळसी परब, वसंत दत्तात्रेय गुर्जर, सतीश काळसेकर यांच्या कवितेत जी मोडतोड आहे, वाक्याला मध्येच सोडून देण्याची जी वृत्ती आहे, ती पुनर्लेखनाची सूचना करणाऱ्या संपादकाच्या हातून सुखरूप सुटली असती असे वाटत नाही. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’तील (१९७२) भाषेला प्रमाणलेखनाची चाळणी लावणे म्हणजे त्या कवितेचा प्राण काढून घेणेच होते. अशा कवितेचा पहिला वाचक तिच्या जगाशी परिचित असणे आवश्यक होते, आणि टपालाच्या व्यवस्थेत हे योगायोगावर अवलंबून राहिले असते.

तरीही दोन गोष्टींविषयी प्रचलित समज तपासून पाहिले पाहिजेत. दोन्ही छावण्या एकमेकींना सर्वस्वी बंद होत्या, हा पहिला समज. वसंत आबाजी डहाके यांची ‘योगभ्रष्ट’ ही दीर्घकविता १९६६ मध्ये ‘सत्यकथे’तच प्रसिद्ध झाली. कोलटकर आणि चित्रे यांच्या कविताही तेथे आल्या होत्या. ज्या संपादकांना पुढे प्रस्थापिततेचे प्रतीक मानले गेले त्यांच्या पाकिटांतून यांतील काही बंडखोर कविता गेल्या आहेत. दुसरा समज असा, की लघुअनियतकालिके म्हणजे संपादनाचा अभाव. अशोक शहाणे यांचा मुद्रण, अक्षरजुळणी व शब्दांची रूपे याबाबतचा काटेकोरपणा सर्वश्रुत आहे. त्यांच्या ‘प्रास प्रकाशना’ने १९७७ मध्ये काढलेला ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह त्याची साक्ष देतो. तेथे संपादन होते, पण ते मैत्रीच्या पोटात होते. बाहेरच्या माणसाला ते दिसत नसे आणि मागताही येत नसे.

४

येथे मूळ प्रश्नाकडे वळता येते. समजा, १९६८ च्या सुमारास एखाद्या तालुक्याच्या गावी शिक्षिका असलेल्या, कविता लिहिणाऱ्या स्त्रीला आपली कविता ‘येरू’ किंवा ‘फक्त’मध्ये यावी असे वाटले. तिने काय करावयाचे होते? अंक तिच्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी. अंक मिळालाच तर त्यावरील पत्ता पुढल्या अंकापर्यंत टिकेल, याची खात्री नाही. पुढला अंक निघेल की नाही, हेही अनिश्चित. कविता पाठविली तर उत्तर देण्याचे बंधन कोणावर नाही. ज्या ठिकाणी ती कविता प्रत्यक्ष वाचली जात होती, त्या हॉटेलांत आणि रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या बैठकांत तिने येऊन बसावे, हे त्या काळच्या सामाजिक वास्तवात जवळजवळ अशक्य. हे उदाहरण कल्पित आहे. पण लघुअनियतकालिकांच्या अंकांतील नावे पाहिली की स्त्रियांची नावे अपवादात्मक दिसतात, ही वस्तुस्थिती आहे. तिची कारणे अनेक असतील. स्वीकाराची रीत हे त्यांपैकी एक कारण मानण्यास पुरेसा आधार आहे, कारण त्याच काळात टपालावर चालणाऱ्या मासिकांत लेखिका आणि कवयित्री सातत्याने दिसतात.

लघुअनियतकालिकांनी संपादकाची सत्ता नाकारली, हे खरे. पण संपादकाची सत्ता नाकारताना अनोळखी माणसाचा हक्कही नकळत रद्द झाला. ‘सत्यकथे’चा नकार कितीही जिव्हारी लागणारा असो, तो देण्यासाठी कोणीतरी ते लेखन वाचलेले असे. मंडळाबाहेरच्या लेखकाला लघुअनियतकालिकांकडून नकारही मिळत नसे. त्याचे लेखन वाचले गेले की नाही, हेच त्याला कळत नसे.

ओळखीचे महत्त्व फक्त मराठीतच होते असे नव्हे. हॅरिएट मन्रो यांनी शिकागोहून १९१२ मध्ये सुरू केलेल्या ‘पोएट्री’ या मासिकाने दरवाजा सर्वांना उघडा राहील, असे धोरण जाहीर केले होते. तरी टी. एस. एलियटची प्रूफ्रॉकविषयीची कविता तेथे आली ती एझ्रा पाऊंडच्या हातून. १९१४ च्या शरदात त्याने ती पाठविली, मन्रो यांना तिच्याविषयी शंका होत्या, आणि पाऊंडने धरलेल्या आग्रहामुळे ती जून १९१५ मध्ये छापली गेली. अनोळखी लेखकाच्या नावाने तीच कविता आली असती तर काय झाले असते, याचे उत्तर देता येत नाही. फरक इतकाच, की ‘पोएट्री’ने उघड्या दरवाजाचे निदान वचन दिले होते आणि त्या वचनाचा दाखला देऊन तिला जाब विचारता येत होता.

५

मराठीत या दोन रीतींचा मेळ घालण्याचा सर्वांत अर्थपूर्ण प्रयत्न ‘अस्मितादर्श’ने केला. तत्कालीन औरंगाबादेत, मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात म. ना. वानखेडे आणि गंगाधर पानतावणे यांच्या पुढाकाराने १९६७-६८ मध्ये प्रथम ‘अस्मिता’ आणि लगेच ‘अस्मितादर्श’ या नावाने हे त्रैमासिक सुरू झाले. २०१८ मध्ये निधन होईपर्यंत पानतावणे त्याच्याशी संपादक म्हणून निगडित होते. लघुअनियतकालिकांप्रमाणेच त्याचे आर्थिक बळ तुटपुंजे होते आणि प्रस्थापित अभिरुचीशी त्याचा विरोधही तितकाच मूलभूत होता. मात्र त्याने नियतकालिक होण्याचे ठरविले. त्याचा पत्ता टिकून राहिला. ज्याच्या घराण्यात यापूर्वी कोणी लिहिले नव्हते असा खेड्यातील तरुण त्या पत्त्यावर आपली पहिली कविता किंवा आत्मकथनाचे पहिले प्रकरण पाठवू शकत होता. लेखन वाचणारा संपादक त्याच्या जगातला होता आणि तरीही त्याच्या ओळखीचा असण्याची गरज नव्हती.

‘अस्मितादर्श’च्या लेखक-वाचक मेळाव्यांचा विचारही याच दृष्टीने करावयास हवा. हे मेळावे वेगवेगळ्या गावी भरत. ज्यांनी पाठविले आणि ज्यांनी वाचले ते तेथे समोरासमोर येत. संपादकाचे पत्र जे काम एका लेखकापुरते करीत असे ते येथे जाहीरपणे, अनेकांदेखत होई. १९०७ मध्ये जळगावला भरलेल्या कविसंमेलनाशी या मेळाव्यांचे नाते जोडणे अतिशयोक्तीचे वाटेल. त्या संमेलनामागेही ‘काव्यरत्नावली’चे फडणीस होते आणि तेथेच त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाला ‘बालकवी’ हे नाव मिळाले. दोन्ही ठिकाणी मासिकाचा संपादक आपल्या पाकिटांतील माणसांना एकत्र बोलावतो, एवढे साम्य तरी नोंदवावे लागते. सामाजिक आशयाच्या दृष्टीने मात्र दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

‘अस्मितादर्श’चे संपादन ‘सत्यकथे’इतके कडक नव्हते, कच्चे लेखनही तेथे छापले जाई, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेपातील वस्तुस्थिती मान्य करता येईल. पण कच्चे लेखन छापण्यामागे धोरण होते. छापून आलेल्या पहिल्या कवितेनंतर दुसरी लिहिली जाते आणि परत आलेल्या पहिल्या कवितेनंतर पुष्कळदा लिहिलीच जात नाही, याचा हिशेब त्यात होता. ज्या समाजाला लेखनाची परंपरा नाकारली गेली होती त्याच्या संदर्भात हा हिशेब चुकीचा ठरवणे कठीण आहे. दलित आत्मकथनांचे जे दालन १९७० नंतर उभे राहिले त्याच्या पायात अशी काही कच्ची पाने आहेत.

६

पुढील काळातील वाङ्मयीन नियतकालिकांनी या तिन्ही अनुभवांतून आपापला मार्ग काढला. १९८५ पासून धुळ्याहून पुरुषोत्तम पाटील यांनी संपादित केलेल्या ‘कवितारती’ने टपालाची रीत कवितेपुरती पुन्हा प्रतिष्ठित केली. मुंबईपुण्याबाहेरचा, दीर्घकाळ न बदलणारा पत्ता हे त्याचे बळ होते. नव्वदच्या दशकात ‘अभिधा’ व ‘अभिधानंतर’, तसेच त्या पिढीची इतर अनियतकालिके मित्रमंडळातून उभी राहिली. या टप्प्याचा तपशिलवार अभ्यास स्वतंत्रपणे व्हावयास हवा.

संगणक आणि विद्युत्‌टपाल यांनी जुन्या आचारसंहितेतील बहुतेक कलमे निरर्थक केली. एकाच बाजूस लिहिण्याचा प्रश्न उरला नाही. स्थळप्रत आपोआप राहते. परतीचे पाकीट लागत नाही. पाठविण्याचा खर्च शून्यावर आल्याने येणाऱ्या लेखनाचा ओघ वाढला, वाचणारी माणसे मात्र तेवढीच राहिली. परिणामी ‘दोन-तीन महिन्यांत उत्तर न आल्यास साहित्य अस्वीकृत समजावे’ या अर्थाची सूचना अनेक ठिकाणी दिसते. परतीच्या तिकिटासाठी लेखक पैसे मोजत होता तेव्हा उत्तर देणे ही संपादकाची जबाबदारी ठरत होती, हे यावरून मागे वळून पाहताना ध्यानात येते. ते तिकीट म्हणजे एक लहानसा करार होता.

अभ्यासकांपुढील अडचण साधनांची आहे. छापलेले अंक ग्रंथालयांत सापडतात. लघुअनियतकालिकांचे तेही दुर्मीळ, कारण वर्गणीदार नसलेल्या पत्राचा संच ग्रंथालयात येण्याचे कारण नसे. नामवंत लेखकांना गेलेली संपादकांची पत्रे त्यांच्या संग्रहांतून प्रसिद्ध होत आहेत. पण ज्यांचे लेखन परत गेले आणि ज्यांनी पुढे लिहिणे सोडले त्यांना आलेली पत्रे कोणी जपून ठेवावीत? ती असलीच तर गावोगावच्या घरांतील ट्रंकांत, वह्यांच्या घड्यांत असतील. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आपापल्या जिल्ह्यापुरते जरी असे कागद गोळा केले, आवक-जावक वह्या, पोचपत्रे, समासात संपादकाच्या खुणा असलेली हस्तलिखिते मिळविली, तर ‘सत्यकथे’ने कोणाला नाकारले आणि ‘अस्मितादर्श’ने कोणाला प्रथम छापले, या प्रश्नांचा विचार आठवणींवर विसंबून न राहता करता येईल. या कागदांपैकी बरेचसे १९८२ पूर्वीचे असतील. ते लिहिणारी आणि जपणारी पिढी आता पंचाहत्तरी ओलांडलेली आहे.